वडिलांबरोबरची वाट



कोकण रेल्वे १९९८ साली पुरी झाली. त्याआधी आम्हां चाकरमान्यांची रत्नागिरीची वाट म्हणजे मुंबई-गोवा रस्ता आणि एस. टी. वडील गिरणीत साचेवाले. महाडला गाडी थांबली, की पहिला चहा ते ड्रायव्हरला नेऊन देत. म्हणत, "आपण झोपलो, हा जागा होता." मग त्याला विचारीत, ड्यूटी किती तासांची? (माझी युनियन तिथेच सुरू झाली म्हणा ना!) कशेडी घाटात मात्र त्यांचाही डोळा लागत नसे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्या शिमग्याला आम्ही निघालो, ते ट्रंका नि भांडीकुंडी घेऊन. महाडला वडील उतरलेच नाहीत. मी विचारले, "बाबा, चहा?" त्यांनी खिशातली नाणी मोजून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "ड्रायव्हरला नेऊन दे."