आधी याद्या, मग मांडव

श्रोतेहो, हवामान बदलाची बातमी आली की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर पडतं, "शास्त्रज्ञ काय, सांगतच असतात! सरकारं कुठे ऐकतात?" माझं भांडण या वाक्याशी आहे.

आयपीसीसीचा, म्हणजे हवामान बदलावरच्या आंतरसरकारी मंडळाचा, अहवाल शास्त्रज्ञ लिहितात, हे खरं. जगभर प्रसिद्ध झालेलं संशोधन ते पारखतात. २०२१च्या अहवालात असे १४ हजारांवर शोधनिबंध होते. त्यातल्या जलचक्राच्या प्रकरणाची जुळणी करणाऱ्यांत पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेतले आर. कृष्णन होते. पण धोरणकर्त्यांसाठीचा सारांश? तो सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ मंजूर करतात. पडद्यावर वाक्य येतं, कुणी हरकत घेतं, लेखक आधार दाखवतात, एखादा शब्द हलतो. एकमत होईपर्यंत त्या वाक्याची सुटका नाही.

लग्नाच्या याद्या आठवा. दोन्हीकडची मंडळी बसतात, मानपान, जेवणावळ सगळं कागदावर उतरतं, हळदकुंकू लागतं, सह्या होतात. मग मांडवात कुणी म्हणालं, "आम्हाला हे ठाऊकच नव्हतं," की मामा खिशातून यादी काढतो. हा सारांश म्हणजे ती यादी. फरक एवढाच, की कुणी किती भार उचलायचा हे यात नसतं. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०३०पर्यंत २०१०च्या तुलनेत सुमारे ४५ टक्के उतरायला हवं, इतकं शास्त्रज्ञ सांगतात. वाटणी सरकारांनी करायची.

हा आकडा १.५ अंशांवरच्या विशेष अहवालाच्या सारांशात ऑक्टोबर २०१८मध्ये दक्षिण कोरियात, इंचॉनला मंजूर झाला. दोनच महिन्यांनी पोलंडमधल्या हवामान परिषदेत अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया आणि कुवेत रुसून बसले. अहवालाचं स्वागत नको, नुसती नोंद घ्या! अखेर स्वागत झालं ते अहवाल वेळेवर पूर्ण झाल्याचं. मांडवातला रुसवाच हा. पण आकडा हलला का? नाही. याद्या आधीच झाल्या होत्या.

म्हणून पुन्हा सांगतो, आणि कंटाळलात तरी सांगतो: सरकारं ऐकत नाहीत असं म्हणू नका. त्यांनी ऐकलंय, वाक्यावाक्यावर वाद घातलाय आणि मान्य केलंय. त्यात आपलंही सरकार आहे. "ऐकत नाहीत" म्हणून आपणच त्यांना सोडून देतो. मान्य केलेलं का पाळलं नाही, हे विचारायला नको?

या याद्यांमागून करारही आले: १९९०चा पहिला अहवाल आला आणि १९९२मध्ये रिओचा हवामान करार झाला. पाचव्या अहवालानंतर, २०१५मध्ये, पॅरिसचा. मधल्या अहवालांचंही सांगणार होतो, शिवाय कोकण किनाऱ्याचं... पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. तेवढा सारांश मिळवून वाचा, आणि आमदार-खासदार भेटले की त्यातलं एक वाक्य त्यांना वाचून दाखवा.