बोट झुलवून बघा, मग पैसे द्या

मासेमारी बंद आहे, बोटी वर ओढून झापांनी शाकारल्या आहेत. जुनी बोट घेण्याचे, नवीचा इसार देण्याचे व्यवहार आपल्याकडे याच दिवसांत ठरतात. आणि जो भेटतो तो मला एकच विचारतो, इंजिन किती सिलिंडरचं घेऊ?

इंजिनाचं मागाहून बघू. खाडीत आणि किनाऱ्यालगत फिरणाऱ्याला फायबरची उघडी होडी आणि आउटबोर्ड पुरतं. पण ज्याला पाच-सहा दिवस खोल दर्यात राहायचंय, त्यानं आधी हे बघावं, की कललेली बोट परत सरळ कशी होते.

ते मोजता येतं. बोट पाण्यात उतरली, की डिझेल, बर्फ, जाळी असा सफरीचा सगळा भार चढवा. बंदरातलं पाणी शांत असताना दोर सैल सोडा. बोट धक्क्याला घासता कामा नये, खाली भरपूर पाणी हवं. मग चार-पाच खलाशांना एका काठावर जोर देऊन ती झुलवायला सांगा. झुलू लागली, की सगळ्यांनी मधोमध स्तब्ध उभं राहायचं आणि तुम्ही घड्याळ धरायचं. डावीकडून उजवीकडे जाऊन पुन्हा डावीकडे आली, की एक हेलकावा. तीन-चार हेलकाव्यांचा वेळ घ्या आणि एकाचा सरासरी वेळ काढा. डेक असलेल्या लहान बोटीसाठी ढोबळ नियम असा, की एका हेलकाव्याचे सेकंद बोटीच्या रुंदीच्या मीटरपेक्षा कमी हवेत. रुंदी 5 मीटर असेल तर हेलकावा 5 सेकंदांच्या आत.

इथे भलेभले फसतात. झटकन सरळ होणारी बोट अंगाला त्रास देते, उभं राहू देत नाही. संथ झुलणारी पाळण्यासारखी सुखाची वाटते. पण संथ झुलते याचा अर्थ तिच्यात सरळ व्हायचा जोर कमी आहे. मोठ्या लाटेत ती कलते आणि कललेलीच राहते. एका ओळखीच्या तांडेलानं केबिनवर आणखी एक मजला चढवला, टपावर जाळी रचली. त्याआधी हेलकावा 4.4 सेकंदांचा होता, नंतर 5.2 झाला. तो म्हणाला, "आता बोट कशी शांत झालीय बघा!" मी हात जोडून त्याला तो मजला उतरवायला लावला.

खणातही वाकून बघा. आत आडव्या-उभ्या फळ्यांचे कप्पे हवेत. सुटी मासळी आणि बर्फाचं पाणी बोट कलेल त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी खाली दाबतं. डेकवर आलेली लाट वाहून जायला काठाला मोठी भोकं हवीत. जाळं अडकतं म्हणून ती बुजवलेली मी पाहिली आहेत. काळीज हलतं.

बोट किनाऱ्यावर आहे तोवर तळ बघून घ्या. लाकडी असेल तर पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, सांध्यांत टोच्या घालून बघा, कीड आतून पोखरते आणि वरचा रंग शाबूत राहतो. फायबर असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं वीत-वीत ठोकत जा, बद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत.

वायरलेस, लाइफ जॅकेटं याबद्दल नव्यानं काय सांगू! तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरच्यांकडेही असू द्या. मोसम सुरू झाला म्हणजे दर्या निवळला असं नाही. 2019 मध्ये क्यार वादळ ऐन दिवाळीत आलं होतं.

तेव्हा आज नुसता इसार द्या. बोट पाण्यात उतरवून, भार चढवून, झुलवून बघितल्यावरच उरलेली रक्कम मोजा. आलेला आकडा केबिनच्या आत ऑइलपेंटनं लिहून ठेवा. नवी जाळी आली, टाकी बदलली, टपावर काही चढवलं, की पुन्हा घड्याळ काढा.