मोबाईलमधलं आमचं शेत

आम्ही दोघी जावा, नागपूरच्या मनीषनगरातून तुमच्याशी बोलतो आहोत. आमची शेती काटोलकडे, थोडी संत्र्याची बाग आणि बाकी कपाशी-तूर. लग्नानंतर बरीच वर्षं दोघी त्याच शेतात राबलो. आता मुलांच्या शिक्षणासाठी इथे राहतो, सासूबाईही सोबत आहेत. आज आम्ही एका मोबाईलवरच्या खेळाबद्दल सांगणार आहोत. हसू नका, आधी ऐका.

थोरलीची मुलगी कॉलेजात आहे. एक दिवस तिने फोनमध्ये हा खेळ टाकून दिला आणि म्हणाली, "आई, काकू, हा तुमच्यासाठी." खेळाचं नाव स्टारड्यू व्हॅली. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन नावाच्या एका तरुणाने चार-साडेचार वर्षं खपून तो एकट्याने बनवला. चित्रं त्याचीच, संगीत त्याचंच. २०१६ साली खेळ बाजारात आला आणि आजवर जगभरात त्याच्या ४ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. एकदाच विकत घ्यायचा. यात खरे पैसे लावायचे नसतात. खेळताना इंटरनेटही लागत नाही. मात्र तो मराठीत नाही, हिंदीतही नाही. सुरुवातीला मुलगी वाचून दाखवायची, आता कामापुरते शब्द आम्हालाच ओळखता येतात.

अशा खेळांना रोल-प्लेइंग म्हणतात. म्हणजे आपण कुणाचं तरी सोंग घ्यायचं आणि त्याचं आयुष्य जगायचं. लहानपणी भातुकलीत आपण तेच करत होतो. फक्त ही भातुकली लांबलचक आहे. खेळात चार ऋतू, प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा, म्हणजे ११२ दिवसांचं वर्ष. खेळातला एक दिवस आपल्या घड्याळात जेमतेम १४ मिनिटांचा. भांडी झाली की आम्ही रोज रात्री दोन दिवस खेळतो. एक दिवस थोरलीचा, एक धाकटीचा. असं करत नुकतंच एक वर्ष पूर्ण झालं. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आपल्या कामाची परीक्षा असते, म्हणजे आम्ही बरोबर मध्यावर आहोत.

खेळ सुरू होतो तो एका म्हाताऱ्या आजोबांच्या बिछान्यापाशी. ते नातवंडाच्या हातात एक बंद पाकीट देतात आणि सांगतात, फार थकशील, जीव विटेल, तेव्हा उघड. नातवंड मोठं होतं, जोजा नावाच्या कंपनीत टेबलावर मान मोडून काम करतं आणि एक दिवस पाकीट उघडतं. आत चिठ्ठी असते आणि आजोबांच्या शेताचा मालकीचा कागद असतो. हे नातवंड मुलगा की मुलगी, ते आपण ठरवायचं. आम्ही मुलगी घेतली. शेताला नाव द्यायचं होतं, आम्ही "माहेर" ठेवलं.

तो कागद पाहून थोरली जराशी गप्प झाली. तिने काही वर्षांपूर्वी भावांच्या घरी हक्कसोडपत्रावर सही केली आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पण कोणी विचारलंही नव्हतं. जेवणं झाली, कागद पुढे आला, सही केली, बस पकडून परत आली.

तर शेत मिळालं. मिळालं म्हणजे काय, दगड, बुंधे आणि तण. हातात ५०० नाणी, आणि सरपंचाने भेट दिलेलं १५ दाणे बियाणं. ते पार्सनिपचं, पांढऱ्या गाजरासारखं एक कंद असतं. कुदळ, कुऱ्हाड, विळा, झारी. जमीन खणायची, बी टाकायचं, रोज पाणी घालायचं. पाऊस आला तर पाण्याची सुट्टी. टीव्ही लावला की उद्याचं हवामान कळतं, आणि ते कधी चुकत नाही. तिथेच आम्ही ओळखलं की हा खेळ आहे!

पडद्याच्या कोपऱ्यात एक उभी पट्टी असते. ती आपल्या ताकदीची. कुदळ मारली की पट्टी उतरते, झारी उचलली की उतरते. संपली की बाई चालतसुद्धा हळू. मग काहीतरी खायचं, नाहीतर झोपायचं. रात्री दोनपर्यंत अंथरुणात गेली नाही तर जागीच कोसळते. धाकटी म्हणाली, "अशी पट्टी आपल्या कपाळावर पाहिजे होती, म्हणजे घरच्यांना दिसली असती."

पहिल्याच ऋतूत आम्ही आपटलो. फ्लॉवरला चांगला भाव दिसला. ८० नाण्यांचं बी, १७५ ला विक्री. ऋतूच्या विसाव्या दिवशी आम्ही दहा रोपं लावली. फ्लॉवरला १२ दिवस लागतात, आणि ऋतू संपायला उरले होते आठ. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी पाहतो तर सगळं वाळलेलं. ८०० नाणी मातीत. काटोलच्या शेतकरणी, आणि पेरणीची तारीख चुकलो! सासूबाई मागून म्हणाल्या, "त्या मोबाईलातल्या भाजीले पाणी देऊन राह्यल्या, अन् गॅलरीतली तुळस वाळून चालली, ते पाहा ना वो."

त्या रात्री आम्ही खूप हसलो. आणि मग एक गोष्ट लक्षात आली. चूक झाली होती, पण कोणी रागावलं नव्हतं. कोणाला उत्तर द्यायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला पिकांचे दिवस लिहून काढले आणि उन्हाळा नीट पेरला. इतकी वर्षं आम्ही शेतात निंदण केलं, कापूस वेचला, संत्री भरली. पण कोणतं पीक घ्यायचं, कधी लावायचं, कोणाला विकायचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. त्यामुळे आमच्या हातून चूकही कधी झाली नव्हती. चूक करायलासुद्धा शेत आपलं असावं लागतं, हे आम्हाला या खेळात कळलं.

खेळात गाव आहे आणि गावात माणसं आहेत. रॉबिन नावाची बाई सुतारकाम करते. कोंबड्यांचं खुराडं तिनेच बांधून दिलं. जोडीचा नवरा लढाईवर गेलेला, पहिलं वर्ष ती एकटीच घर ओढते. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तो परत आला, तेव्हा आम्हाला घरचं कोणी आल्यासारखं वाटलं. लिनस नावाचा एक जण तंबूत राहतो, लोक त्याला हसतात, पण तो मनाचा चांगला आहे. गावात एक पडकं समाजमंदिर आहे. जोजा कंपनीला ५,००० नाणी देऊन सभासद झालं तर त्या जागी तिचं गोदाम होतं. नाहीतर हंगामाहंगामाचा माल आणून देऊन मंदिर एकेक खोली करत उभं करता येतं. आम्ही दुसरी वाट धरली. वेळ लागतो आहे. एका खोलीसाठी लाल कोबी हवा, आणि त्याचं बी गावच्या दुकानात दुसऱ्या वर्षीच येतं.

गटातल्या बायांना एक गोष्ट नक्की आवडेल. ३५ नाण्यांचं पार्सनिप बरणीत घालून लोणचं केलं, तर त्याचे १२० होतात. कच्चा माल विकण्यापेक्षा पदार्थ करून विकावा, हे तुम्हाला आम्ही काय सांगायचं!

आता खेळात काय नाही, तेही सांगतो. कर्ज नाही. सावकार नाही. एक फ्लॉवर विका की हजार, भाव तोच. कावळे येतात, पण एका बुजगावण्याने भागतं. रानडुक्करं नाहीत. खेळातल्या बाईला सासर नाही, पोरं रडत नाहीत, वाटलं तर रांधायचं. हा खेळ पाहून कोणाला वाटेल की शेती सोपी आहे, तर ते खोटं आहे. आमच्या विदर्भातल्या शेतकऱ्याचं दुखणं यात कुठेच नाही. संत्र्याचंच पाहा. खेळात कलम लावलं की २८ दिवसांत झाड तयार. आमच्याकडे पहिली बाग हाती यायला चार-पाच वर्षं जातात.

तरीही हिवाळा लागला तसं आम्ही संत्र्याचं एक कलम घेतलं. ४,००० नाण्यांचं. दोन रात्री आमचं त्यावर भांडण झालं. धाकटी म्हणत होती, तेवढ्यात आणखी एक खुराडं होईल. थोरली म्हणाली, संत्रंच. शेवटी दोघींनी मिळून ठरवलं. गावाकडे बागेचा सौदा ओट्यावर बसून होतो आणि आम्ही आत चहा करतो. बाग केवढ्याला गेली, ते रिकामे कप उचलायला गेल्यावर कळतं. हे भांडण आम्हाला म्हणूनच गोड लागलं.

मैत्रिणींनो, खेळ फोनमध्ये राहतो. पण कागदाचा विचार काही डोक्यातून जाईना. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. आपल्या राज्यात तसा कायदा १९९४ साली आला, आणि २००५ साली देशभर, लग्न झालेल्या लेकींसकट. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे. नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचं नाव लावायला सरकारची लक्ष्मीमुक्ती योजना आहे. त्याआधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याच नावाची मोहीम चालवली, तेव्हा गावोगावच्या नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला होता. पीककर्ज असो की शेतकरी म्हणून नोंद, बहुतेक ठिकाणी आधी सातबारावरचं नाव पाहतात.

थोरलीची सही होऊन गेली. पण सासरच्या सातबारावर आजही दोघा भावांचीच नावं आहेत. मागच्या रविवारी जेवताना आम्ही विषय काढला. नवरे गप्प राहिले. सासूबाईच बोलल्या, "माह्यं नाव कधी लागलं नाही. यायचं लावा." अजून काही ठरलेलं नाही. दिवाळीत गावी गेलो की तलाठ्याकडे जायचं, एवढं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सकाळी आजोबा परत येतात म्हणे. नातीने शेत कसं राखलं ते पाहतात आणि चारपर्यंत दिवे लावतात. आम्हाला किती मिळतील ते तेव्हा पाहू. आधी उन्हाळा येऊ द्या, संत्र्याला पहिलं फळ धरायचं आहे.

तोवर तुम्ही एक करा. घरातला सातबारा काढा आणि त्यावर कोणाकोणाचं नाव आहे, ते वाचा. पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.