लेकीला शाळेत बाई व्हायचंय? आधी वर्ग विचारा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



बारावीचा निकाल लागला की गटाकडे शिक्षणासाठी कर्जाची मागणी येते. "लेकीला शिक्षिका करायचंय" असं सांगणाऱ्या आया त्यात बऱ्याच असतात. चांगलीच गोष्ट आहे. पण कर्ज उचलायच्या आधी लेकीला विचारा, बाळा, तुला कितवीला शिकवायचंय? कारण वाटा दोन आहेत.

पहिली ते पाचवीला शिकवायचं, तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड. आपण त्याला अजून डी.एड.च म्हणतो. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठल्याही शाखेची बारावी चालते. पण नुसतं पास होऊन भागत नाही. खुल्या प्रवर्गाला ४९.५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४४.५ टक्के गुण लागतात. म्हणजे ६०० पैकी २९७ किंवा २६७. वेगळी प्रवेश परीक्षा नाही, बारावीच्या गुणांवरच यादी लागते. म्हणून बारावीचं वर्ष हलक्यात घेऊ नका.

नववी-दहावीला शिकवायचं, तर आधी पदवी, मग दोन वर्षांचं बी.एड. त्याला सीईटी द्यावी लागते.

आपल्याला वाटतं, बी.एड. मोठं, मग पहिलीलाही चालेलच. तसं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्राथमिक शिक्षकाच्या जागेसाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. लेक पाच वर्षं शिकली, खर्च झाला, आणि गावातल्या पहिलीच्या वर्गावर तिला घेता येत नाही, असं व्हायला नको.

आता कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास, जातीचा दाखला, ओबीसी असेल तर मुदतीतलं नॉन-क्रिमीलेयर. निकालानंतर सेतूत गर्दी होते, दाखला वेळेत मिळत नाही, आणि गुण असूनही राखीव जागा हातची जाते. म्हणून दाखले परीक्षेआधीच काढा.

"पैसे भरा, हजेरी लागत नाही" असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का ते बघा. पावतीशिवाय रुपया देऊ नका. नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरा.

आणि एक खरं सांगते. डी.एड. झालं म्हणजे नोकरी लागली, असं नाही. पुढे टीईटी पास व्हावी लागते, मग भरतीसाठी अभियोग्यता चाचणी. कर्जाचा हप्ता ठरवताना हा काळही धरा.

पुढच्या बैठकीत एवढं करा. अकरावी-बारावीतल्या लेकींची नावं वहीत लिहा, आणि कुणाचा कोणता दाखला राहिलाय ते नावापुढे मांडा. बचतीचा हिशोब आपण चोख ठेवतो, तसाच हाही ठेवू.