पैलवान आणि शर्यतीचा घोडा

गाड्यांच्या शौकीन मुलांमध्ये एक वाद हमखास रंगतो. ताकदवान सेडान भारी, की परदेशी सुपरकार? मग अश्वशक्ती, शून्यापासून शंभरपर्यंतचे सेकंद, कमाल वेग असे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकले जातात. पण पैलवान आणि शर्यतीचा घोडा यांची तुलना करायची, तर दोघांकडून काम कोणतं हवं आहे, हे आधी ठरवायला हवं.

हा वाद जुना आहे. फेरारीनं १९६२ मध्ये ‘२५० जीटीओ’ ही शर्यतीची गाडी आणली. तशा जेमतेम छत्तीस गाड्या बनल्या. पुढे अमेरिकेच्या पॉन्टियॅक कंपनीनं आपल्या घरगुती ‘टेम्पेस्ट’ गाडीत सुमारे ६.४ लिटरचं दणकट इंजिन बसवलं आणि नाव चक्क फेरारीचंच उचललं, जीटीओ! पहिल्याच वर्षी अशा बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. ‘कार अँड ड्रायव्हर’ मासिकानं मार्च १९६४ मध्ये दोघींचा सामना छापला. गंमत अशी, की त्या समोरासमोर धावल्याच नव्हत्या. शिवाय चाचणीच्या पॉन्टियॅकमध्ये ठरल्यापेक्षा मोठं इंजिन घातलं होतं, हेही नंतर बाहेर आलं. आकडे तोंडपाठ करणाऱ्या मुलांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

आपल्याकडचा पैलवान म्हणजे कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सनं १९८४ मध्ये ती बाजारात आणली, तेव्हा मी शाळेत होतो. मूळ घराणं इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं. लांब बॉनेट, रुंद छाती. सोलापुरात एखाद्या बड्या सूत व्यापाऱ्याच्या दारात ती उभी दिसली, की आम्ही मुलं काचेला नाक लावून आत बघायचो. लग्नात ती फुलांनी सजून यायची आणि नवरदेवापेक्षा गाडीलाच जास्त नजरा मिळायच्या.

खरं सांगायचं, तर अंग तालमीतलं असलं तरी दम सुरुवातीला अॅम्बेसिडरचाच होता. दीड लिटरचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्ती. पुढे जपानच्या इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं, पाचवा गिअर आला आणि शरीराला शोभेलसा जोर आला. तरी लोकांचं प्रेम केवळ जोरावर नव्हतं. तिच्यात अख्खं कुटुंब मावायचं, डिकीत वऱ्हाडाचं सामान बसायचं आणि रस्त्यात बिघडली तर अॅम्बेसिडरवर हात बसलेला मिस्त्री तिला हात घालू शकायचा.

कॉन्टेसाचं उत्पादन २००२ मध्ये थांबलं. त्याच वर्षी सचिन तेंडुलकरनं ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला ‘फेरारी ३६० मोडेना’ भेट मिळाली. ३.६ लिटरचं, आठ सिलिंडरचं इंजिन आसनांच्या मागे. सुमारे चारशे अश्वशक्ती. साडेचार सेकंदांच्या आसपास ताशी शंभर किलोमीटर. आयात शुल्काच्या माफीवरून देशभर वादळ उठलं आणि अखेर ते शुल्क फियाट कंपनीनं भरलं. २०११ मध्ये सचिननं ती गाडी विकली. तरी लोकांच्या मनातून ती गेली नाही. २०१२ मध्ये ‘फेरारी की सवारी’ हा हिंदी चित्रपट तिच्याभोवतीच रचला गेला.

या गाडीत माणसं दोनच बसतात. मी गझल लिहिणारा माणूस. शेरातही ओळी दोनच असतात, तेव्हा दोघांपुरत्या जागेची मला तक्रार नाही. देखणी, दुर्मीळ वस्तू बघून माणसाचे डोळे चमकावेत, यात वावगं काय? सुपरकार त्यासाठीच असते.

प्रश्न येतो तो रस्त्यावर. सोलापूर–पुणे हा आपला चौपदरी महामार्ग. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये अशा रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग ताशी १०० किलोमीटर ठरवला. तेवढा वेग साधी गाडीही गाठते. सुपरकारची उरलेली सगळी ताकद इथे झाकूनच ठेवायची असते. पण तरुण पोरांना ती झाकून ठेवणं जमत नाही आणि आता तर साध्या घरच्या गाड्याही दीडशे सहज ओलांडतात.

ताशी शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. वेग दुप्पट झाला, की गाडीच्या अंगातला जोर चौपट होतो आणि तो सगळा ब्रेकला जिरवावा लागतो. आपल्या जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला, की रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना समोर उभ्या ठाकतात. आषाढीला पंढरपूरकडे निघालेल्या दिंड्या रस्त्यानं चालत असतात. शेतावरून परतणाऱ्या बायका रस्ता ओलांडतात. त्यांच्यापैकी कुणालाही तुमच्या गाडीचे सेकंद ठाऊक नसतात.

तालमीत वस्ताद नव्या पोराला डावांबरोबर हेही शिकवतो, की ही ताकद गल्लीत दाखवायची नाही, ती आखाड्यात. गाड्यांनाही आखाडे आहेत. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये फॉर्म्युला वन झाली, चेन्नईजवळही शर्यतीचा ट्रॅक आहे. ज्याला वेग अनुभवायचा, त्यानं तिथे जावं.

मुलांनी वाद जरूर घालावा. मला विचाराल, तर बघायला मला फेरारी आवडेल आणि आईला डॉक्टरकडे न्यायला कॉन्टेसा. पण गाडी कुठलीही असो, किल्ली मुलाच्या हाती देताना वस्तादाचं ते वाक्य घरच्या वडीलधाऱ्यांनी एकदा तरी सांगावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)