मुख्यसेविका व्हायचंय?

अंगणवाडी पर्यवेक्षिका, म्हणजेच आपली मुख्यसेविका, या पदाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मैत्रिणींसाठी आज थोडं बोलू.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली 2 ऑक्टोबर 1975 रोजी. ही तारीख आणि योजनेच्या सहा सेवा बहुतेकींना तोंडपाठ असतात. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पूर्वशालेय शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण. पण नुसत्या पाठांतरावर भागत नाही.

माझं ऐकाल तर एक दिवस गावातल्या अंगणवाडीत जाऊन बसा. सेविका बाळाच्या डाव्या दंडाला तिरंगी पट्टी लावते ना, ती नीट बघा. फार आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की तांबडा रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. तिथून 12.5 पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. एकदा डोळ्यांनी पाहिलंत, की हे आकडे विसरणार नाहीत. वजन-उंचीच्या नोंदवहीचंही तसंच.

कायद्यांच्या सालांची मात्र गल्लत होते. बालविवाह प्रतिबंधाचा 2006 चा, पॉक्सो 2012 चा, बालन्यायाचा 2015 चा. ती भिंतीवर लिहून ठेवा, हवं तर चुलीमागे! मराठी व्याकरण आणि अंकगणित रोज अर्धा तास. अभ्यासक्रम मात्र जाहिरातीतलाच धरा, शेजारणीच्या गाइडातला नको.