परदेशी जाऊन शिकावयाचे ते काय?

(पेठ, जिल्हा नाशिक येथे धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे केलेले भाषण)



मागे एकदा मी येथे आलो होतो, तेव्हा सभा संपल्यावर बी. ए. च्या शेवटच्या वर्षात असलेली एक मुलगी मजजवळ आली आणि तिने विचारले, “परदेशी शिकावयास जाण्यासाठी सरकार किती रुपये देते?” मला जे ठाऊक होते ते मी तिला सांगितले. ती आनंदाने घरी गेली. पण सावळ घाट ओलांडून नाशिकला परत जाताना माझ्या मनाला एक गोष्ट टोचू लागली. तेथे जाऊन तू कोणता विषय शिकणार, हे ना तिने बोलून दाखविले, ना मी तिला विचारले. यात दोष तिचा नव्हे. आपण मोठी माणसे तिच्याशी पैशाखेरीज दुसरे काही बोलतच नाही. त्या दिवशी विचारावयाचे राहिले ते विचारण्यासाठी मी आज पुन्हा आलो आहे.

परमपूज्य बाबासाहेबांच्या पदव्या आपल्या घरात लहान मुलालाही पाठ असतात. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बॅरिस्टर अशी माळ आपण अभिमानाने म्हणतो, आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु त्या पदव्यांसाठी बाबासाहेब कोणकोणत्या वर्गांत जाऊन बसले, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेली दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद विद्यापीठाच्या दप्तरी आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा एकेक. ही बेरीज साठ होते.

या यादीकडे क्षणभर नीट पाहा. जवळजवळ निम्मा भाग अर्थशास्त्राचा आहे, म्हणजे पाया एकाच विषयाचा आणि तो खोल खणलेला. सेलिग्मन यांच्यासारखे सार्वजनिक अर्थकारणाचे जाणते पंडित त्यांना गुरू म्हणून लाभले. पण उरलेला निम्मा भाग पाहा. मानववंशशास्त्राचे अभ्यासक्रम अवघे चार. साठांत चार म्हणजे काय मोठे, असे कोणी म्हणेल. परंतु ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला आणि जो पुढील वर्षी ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला, तो याच बाजूच्या अभ्यासातून निघाला. ज्या जातीने त्यांना शाळेत वेगळ्या तरटावर बसविले, तिच्याकडे शास्त्राच्या नजरेने पाहण्याची साधने त्यांनी तेथे हाती घेतली. जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाचा ठसा तर त्यांच्या लिखाणावर अखेरपर्यंत राहिला. आणि जर्मनचा तो एकच प्राथमिक वर्ग? १९२१ साली लंडनहून बॉन विद्यापीठाला प्रवेशासाठी पत्र लिहिताना त्यांनी ते जर्मन भाषेतून लिहिले.

असे अनेक विषयांचे दाणे एका पदरात घेणे अमेरिकेत शक्य होते, कारण तेथील विद्यापीठांची रीतच तशी आहे. विद्यार्थी मुख्य विषय एक धरतो आणि इतर विभागांचे वर्गही निवडतो. एम. ए. ला सामान्यतः दोन वर्षे लागतात. इंग्लंडची रीत निराळी. तेथील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा, घट्ट बांधलेला असतो. काय शिकावयाचे ते बव्हंशी आधीच ठरलेले असते आणि शेवटी प्रबंध लिहावा लागतो. एक वर्षाचा खर्च वाचतो, हा त्यातील लाभ. पण ज्याचा विषय मनाशी पक्का झालेला नाही, त्याचे ते वर्ष वर्गाची ओळख होते न होते तोच संपून जाते. आणखी एक भेद ध्यानात ठेवा. पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बी. ए. पदवी इंग्लंडमध्ये पदव्युत्तर प्रवेशास सामान्यतः चालते. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे मात्र चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा करतात. तिकडे जावयाचे असेल तर येथे एम. ए. करून जाणे किंवा चौथे वर्ष पुरे करणे बरे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवणीचे शुल्क घेत नाहीत, काही घेतात; राहण्या-जेवण्याचा खर्च मात्र व्हिसापूर्वीच दाखवावा लागतो. कोठेही जा, वर्ग बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात आणि अर्जाची तयारी त्याच्या आदल्या वर्षी करावी लागते. इंग्रजीची परीक्षाही त्याच काळात द्यावयाची असते. बी. ए. चा निकाल लागल्यावर विचार करू, असे म्हणणाऱ्याचे एक वर्ष तेथेच गेले.

बाबासाहेबांचा अभ्यास एका दमात पुरा झाला, अशी कित्येकांची समजूत आहे. तो मध्येच तुटला होता. १९१६ साली ते लंडनला आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी दाखल झाले, आणि पुढल्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना परतावे लागले. पण निघताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवून ठेवली. मध्यंतरी बडोद्यात त्यांना राहावयास जागा मिळेना, ती अपमानाची कथा आपणांस ठाऊकच आहे. पुढे सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी प्राध्यापकी केली, पगारातून पैसा शिल्लक टाकला, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले, आणि १९२० साली, त्या चार वर्षांच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. कोलंबियाची पीएच. डी. तर १९२७ साली हाती आली, कारण प्रबंध छापून सादर केल्याशिवाय ती पदवी देण्याची तेथे रीत नव्हती. म्हणून मुलांनो, अभ्यास अर्धा सोडून यावे लागले तर नुसते रडत येऊ नका. परत येण्याची परवानगी लेखी घेऊन या. आणि मातांनो, त्या वर्षांत मुंबईच्या चाळीत रमाईंनी संसार कसा रेटला असेल, ते तुम्हांला मी सांगावयास नको. परदेशी शिकणाऱ्याच्या एका वर्गामागे घरातील कोणाचा तरी घास असतो, हे मुलाने विसरता कामा नये.

हे सारे थोरांपुरते आहे, असे मनात आणू नका. आपल्याच जिल्ह्यातील ओझर गावच्या एका कुटुंबाची गोष्ट पाहा. बाप पोटासाठी मुंबईला गेला, बंदरात मजुरी केली. त्याचा मुलगा डॉ. नरेंद्र जाधव याने १९८६ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेतली आणि पुढे बापाची कहाणी पुस्तकरूपाने मराठीत लिहिली. ओझर आपल्यापासून किती दूर आहे?

आता जो प्रश्न आपल्या मनात आहे आणि जो सभेत विचारावयास संकोच वाटतो, त्याकडे येतो. आपण दीक्षा घेतली. मग मुलाची शिष्यवृत्ती गेली काय?

भारत सरकारने मागासवर्गीय विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याची योजना १९५४-५५ साली सुरू केली. त्यापूर्वी बाबासाहेबांनीच २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला होता. पुढे १९५६ चे धर्मांतर झाले. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट असल्यामुळे दीक्षा घेणाऱ्यांचे नाव केंद्राच्या यादीत उरले नाही आणि त्या यादीवर बेतलेल्या सवलती त्यांना दुरावल्या. महाराष्ट्र सरकारने १९६० नंतर आपल्या अधिकारात सवलती दिल्या. केंद्राचे दार मात्र १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा उघडले. धर्मांतरानंतर चौतीस वर्षे. एवढ्या काळात किती मुलांची वये उलटून गेली! आज तो अडथळा नाही. बौद्ध विद्यार्थ्याला केंद्राची परदेश शिष्यवृत्तीही मागता येते, आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती तर २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध अशा दोघांसाठी आहे. (‘नवबौद्ध’ या शब्दातील ‘नव’ किती पिढ्या टिकणार, हे एकदा सरकारला विचारले पाहिजे.) केंद्राच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींच्या आहेत, राज्याच्या योजनेत दरवर्षी ७५ विद्यार्थी निवडले जातात. या तालुक्यातील आपले बहुसंख्य शेजारी आदिवासी आहेत. त्यांच्यासाठी केंद्राच्या आदिवासी खात्याची वेगळी योजना आहे, पण तिच्यात साऱ्या देशाला मिळून २० जागा. त्यांच्या यादीला धर्माची अट नाही. कोकणा वा वारली मित्राचा मुलगा हुशार असेल तर ही गोष्ट त्याच्याही कानावर घाला.

अडचण येते ती कागदाची. केंद्राच्या योजनेसाठी प्रमाणपत्रात धर्म बौद्ध आणि दीक्षेपूर्वीची मूळ जात या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. पुष्कळ उत्साही पालकांनी शाळेत ‘धर्म बौद्ध, जात बौद्ध’ एवढेच लिहविले आहे. जी जात आपण टाकून दिली ती पुन्हा कागदावर का लिहावी, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो, आणि तो खोटा नाही. मलाही ते लिहिताना हात जड होतो. परंतु तो कागद आपल्या श्रद्धेचा दाखला नसून आपल्यावर झालेल्या अन्यायाचा दाखला आहे, असे समजून मी तो लिहितो. एका कचेरीत माझ्याच नात्यातील मुलाला, “बौद्ध झालात ना, मग जात कशाला मागता?” असे बजावून दोनदा परत पाठविले गेले. तिसऱ्या खेपेस आम्ही १९९० च्या कायद्याची प्रत घेऊन गेलो आणि काम झाले. पण तेवढ्यात अर्जाची मुदत टळली होती. म्हणून प्रांताधिकाऱ्यांचे जात प्रमाणपत्र आणि पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मुलगा बारावीत असतानाच काढून ठेवा. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेचा उतारा किंवा कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद आजच शोधू लागा.

आणखी एक धोका आहे, तो अधिक खोल आहे. २०२२ साली केंद्राच्या योजनेत असा नियम आला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतातील समाजजीवन या विषयांवरील अभ्यासाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. त्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही, असे कारण देण्यात आले. बाबासाहेबांचा एम. ए. चा एक प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर होता. जातींवरील निबंध तर मी वर सांगितलाच. या नियमाच्या काट्यावर दोन्ही नापास होतात! आपल्या समाजाने आपल्याच दुःखाचा अभ्यास दूर उभे राहून, मोकळ्या हवेत, मोठ्या ग्रंथालयांत बसून करू नये, असा याचा अर्थ होतो, आणि तो आपण मान्य करता कामा नये. २०२५ च्या जुलै महिन्यात तर निवड झालेल्या १०६ विद्यार्थ्यांपैकी ४० जणांनाच पत्रे मिळाली आणि उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर पाहू, असे कळविण्यात आले. म्हणून एकाच योजनेवर विसंबू नका. राज्याची योजना आहे. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग आहे. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे स्वदेशी राहावे लागते.

तर मग शिकावयाचे काय? संगणक आणि व्यवस्थापन शिकू नका, असे मी म्हणत नाही, पोटाला लागतेच. पण सगळीच मुले एका दाराशी रांग लावून उभी राहिली की मला चिंता वाटते. या पेठ तालुक्याकडे पाहा. पावसाळ्यात येथे धो धो पाऊस पडतो, आणि वैशाखात बायका हंडा घेऊन झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी भरतात. हे पाणी जाते कोठे आणि अडवावे कसे, हे एक शास्त्र आहे; नेदरलँडमधील डेल्फ्ट येथे केवळ पाण्याचेच शिक्षण देणारी संस्था आहे, वागेनिंगेनला शेतीचे नामांकित विद्यापीठ आहे. बाळंतपणात येथील माता का दगावतात, मुले का खंगतात, याचा अभ्यास लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये होतो, आणि तेथे डॉक्टर नसलेलाही शिकू शकतो. सरकारच्या अंदाजपत्रकात आपल्या वाट्याचा पैसा कोठे वळतो, हे ओळखावयाचे असेल तर सार्वजनिक अर्थकारण शिका. बाबासाहेबांनी कोलंबियात याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. वनहक्काचा २००६ चा कायदा आपल्या डोंगरातील शेजाऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न आहे. तो न्यायालयात मांडणारे वकील हवेत.

हे मी सुचविले, निवड तुमची. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांच्या याद्या आता त्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात. शिष्यवृत्तीची जाहिरात वाचण्याआधी ती यादी वाचा, कोणता अध्यापक काय शिकवतो ते पाहा, आणि अर्जातील उद्देशाच्या निवेदनात पेठेचे पाणी, पेठेचा दवाखाना, पेठेचा रस्ता जे तुम्ही डोळ्यांनी पाहिले ते लिहा. ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही.

सभेनंतर मी विहारात सायंकाळच्या एस. टी. पर्यंत बसणार आहे. ज्यांच्या मुलांच्या दाखल्यात जातीचा रकाना चुकला आहे किंवा रिकामा राहिला आहे त्यांनी तो दाखला घेऊन यावे. आणि ती मागच्या वेळची मुलगी आज आली असेल, तर तिने सर्वांत आधी यावे.

जयभीम.